अर्धी गोळी

अर्धी गोळी – बरोबर मधल्या रेघेवर मोडलेली, एक कणही न सांडलेली – कागदाच्या पुडीत होती, आणि ज्याच्या हातून गोळी अशी मोडते त्याने जन्मभर गोळ्याच मोडल्या असणार, हे डॉक्टरच्या लक्षात आधी आलं. मांजराकडे तिने त्यानंतर पाहिलं. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, म्हातारा सांगत होता. काल संध्याकाळी मांजराचं अंग तापलं, म्हणून त्याने त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं, लहान मुलाच्या हिशेबाने मात्रा काढली आणि उरलेली अर्धी जपून ठेवली. तापाची साधी गोळी, घरोघरी असते ती.

माणसाचा ताप उतरवते, मांजराचा जीव घेते. अति शहाणा… तिच्या मनात आलं, पण पुढचं तिने मनातही म्हटलं नाही. प्राण्यांच्या तातडीच्या दवाखान्यात पहिला प्रश्न एकच – काय दिलंत? – आणि पहिलं उत्तरही एकच, काही नाही. कुत्र्याच्या मिशांना चॉकलेट लागलेलं दिसत असतं, तरी काही नाही. हा माणूस मात्र पुरावा पुडीत बांधून घेऊन आला होता, तो पुरावा आहे हेही न कळता.

हिरड्या मातकट. तोंड सुजलेलं, पंजे सुजलेले. सुईत आलेलं रक्त तपकिरी… तिला काही वाटलं नाही, वाटायचं बंद होऊन वर्षं झाली होती. तिने शिरेतून उतारा सुरू केला आणि मांजराला प्राणवायूच्या काचेच्या पेटीत ठेवलं. उद्या सकाळपर्यंत तगलं तर तगलं.

म्हाताऱ्याला बाहेर बाकावर बसवून त्याची बायको एकटीच आत आली. दुकान बंद केल्यापासून ते बोलतात ते या मांजराशीच, म्हणाली. मग आवाज खाली आणून, "गोळीचं सांगू नका त्यांना. आजारच होता म्हणा. चाळीस वर्षांत एक औषध चुकीचं दिलं नाही, एवढंच उरलंय त्यांच्याकडे."

बघू, असं काहीतरी डॉक्टर म्हणाली.

झाकली मूठ… आईनेही अशीच झाकली होती. त्या सकाळी बाबांचा फोन आला – छातीत जळजळतंय गं – आणि खांद्याशी फोन दाबून, एका कुत्र्याच्या पायाला पट्टी गुंडाळत, तिने सांगून टाकलं होतं, पित्त असेल, पडून राहा जरा. घरात एक डॉक्टर असताना ते दुसऱ्याला कशाला विचारतील? ते पडून राहिले. दुपारी आई त्यांना उठवायला गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, झोपेतच गेले, कुणाला काही बोललेसुद्धा नाहीत. फोन झाला तेव्हा आई त्यांच्या शेजारीच बसली होती. मी एकदा, एकदाच विचारलं, आई, माझ्यामुळे का गं? ती म्हणाली, तू आधी जेवून घे. मी जेवले. त्याला तेरा वर्षं झाली, अजून जेवतेच आहे.

डॉक्टर बाहेर आली तेव्हा म्हातारा दाराच्या काचेला नाक लावून उभा होता. टांगलेल्या बाटलीवरचं उताऱ्याचं नाव त्याने वाचलं होतं. तो उतारा कशावर देतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"गोळीने झालं ना?"

म्हातारी डॉक्टरकडे एकटक बघत होती.

"हो," डॉक्टर म्हणाली. "मांजराला ती चालतच नाही. अर्धीसुद्धा नाही."

तो खाली बसला. थोडा वेळ रडला, आवाज न करता. मग डोळे पुसून त्याने विचारलं, उतारा किती, दर किती तासांनी. तिने सांगितलं. त्याने ओठांतल्या ओठांत आकडेमोड केली, बरोबर आहे म्हणाला, आणि पेटीपाशी बसू का, असं विचारलं. म्हातारी त्याच्यामागून आत गेली. जाताना तिने डॉक्टरकडे पाहिलंही नाही.

मांजर जगेल की नाही, ते डॉक्टरला ठाऊक नव्हतं. हातमोजे काढायचे राहून गेले होते. काचेपलीकडे म्हातारा मांजराशी काहीतरी बोलत होता, बहुधा माफी मागत होता – त्याला मागता येत होती – आणि तिला त्याचा हेवा वाटला, उघड, लाज वाटावी इतका.