आजीच्या उशाजवळचं स्टूल

आजीचा चष्मा रोज पलंगाखाली पडायचा, म्हणून चिमणीने तिच्या उशाजवळ ठेवायला स्टूल करायला घेतलं. आत्या सुतारकाम करायची; पण करवत आणि हातोडी चिमणीनेच धरायची, असं दोघींचं ठरलं होतं. गादी उन्हात टाकलेली असताना चिमणीने नुसत्या पलंगाची उंची मोजली. आत्याच्या ते लगेच ध्यानात आलं, पण ती मूग गिळून बसली.

संध्याकाळी गादी परत आली आणि स्टूल एकदम बुटकं दिसू लागलं. आजीने पडल्या पडल्या हात लांबवला, तर बोटं हवेतच राहिली. चिमणीचं तोंड एवढंसं झालं.

"तुला माहीत होतं ना?" तिने आत्याला विचारलं.

"होतं. पण मी सांगितलं असतं, तर स्टूल माझं झालं असतं. वरची फळी छान बसलीय, फक्त पाय बदलू. आता माप कशाचं घेशील?"

चिमणीने पलंगाकडे पाहिलं, मग आजीकडे.

"आजी, चष्मा ठेवतेस तसा हात कर. हलू नकोस हं."

"माणसाचं माप शिंपी घेतो म्हणतात. सुतारही घेतो होय गं?"

"आमची सुतारीण घेते," आत्या म्हणाली.

चिमणीने हाताखाली टेप धरला आणि आकडा नीट वाचून घेतला. "झालं," असं ती सांगेपर्यंत आजी तशीच, हात बाहेर ठेवून घोरू लागली होती. चिमणीने तो हात अलगद उचलून पांघरुणात ठेवला आणि आत्याकडे पेन्सिल मागितली.