सरावातला प्रश्न

तिने चमचा माइकसारखा बाबांच्या हनुवटीखाली धरला आणि आवाज कडक केला.

"मालक, तुमच्या बिस्किटात तारेचा तुकडा सापडला. जबाबदार कोण?"

"आम्हीच की," बाबा म्हणाले. "दुसरं कोण असणार? बिस्किटं काय शेजाऱ्यांनी भाजली?"

स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसलेली आई फसकन हसली. मुलीने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो बाबा, असं बोललात तर उद्या कारखान्याला टाळं लागेल. आणि परवा मला नारळ!"

उद्या अकरा वाजता खऱ्या बिस्किटवाल्या मालकांची पत्रकार परिषद होती. त्यांना तयार करायचं काम जनसंपर्क कंपनीतल्या वरिष्ठ बाईंनी पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या गळ्यात घातलं होतं. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे त्यावरच ठरणार होतं. एवढं कळल्यावर, जन्मभर सिटी बस चालवत आलेल्या बाबांनी आपण होऊन इस्त्रीचा शर्ट चढवला आणि जेवणाच्या टेबलाशी मालक होऊन बसले. लेकीचं काम म्हणजे नेमकं काय, हे त्यांना अजून धड कळलेलं नव्हतं. पण ते अडायला नको, एवढं पक्कं कळलं होतं.

"मग काय, खोटं बोलू?"

"खोटं अजिबात नाही. प्रश्नाला आधी मान द्यायचा. 'चांगलं विचारलंत' म्हणायचं. मग गाडी हळूच आपल्या गल्लीत वळवायची. आपल्याला सांगायचंय तेवढं सांगायचं आणि थांबायचं."

"इंडिकेटर न देता?"

"न देता."

"अशानेच अपघात होतात," आई शेंगेतून मान वर न काढता म्हणाली.

पण वळण म्हटल्यावर बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन-तीन फेऱ्या अडखळत गेल्या, एकदा त्यांनी भरसभेत बिस्किटवाल्यांच्या वतीने हात जोडून माफीच मागून टाकली, आणि मग एकदम जमायला लागलं. तार, कामगार, परत मागवलेला माल, काहीही विचारा. बाबा मान डोलवायचे, "चांगलं विचारलंत" म्हणायचे आणि अलगद निसटायचे. तिला वाटलं, खरे मालक याच्या निम्मे जरी निघाले तरी आपण सुटलो.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "समजा, भलताच प्रश्न आला. विषयाच्या बाहेरचा, तयारी नसलेला." तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला एकदम आठवलं. "आज सकाळी डेपोत डोळे तपासले ना तुमचे? काय निघालं?"

बाबांनी कॉलर सारखी केली.

"चांगलं विचारलंत. आमच्या डेपोत दर वर्षी सगळ्या चालकांचे डोळे तपासतात. या वर्षी तर नवं यंत्र आणलंय. डॉक्टरीणबाई स्वभावाने फार चांगल्या. प्रवाशांचा जीव आधी, बाकी सगळं नंतर, असं आमचं धोरण आहे. धन्यवाद."

"वा, बाबा, वा!" ती टाळ्या पिटायला लागली. "आई, बघितलंस? एवढं बोलले आणि सांगितलं मात्र काहीच..."

तिच्या टाळ्या थांबल्या. आईचे हातही थांबले.

"काय निघालं, बाबा?"

"जमलं की नाही, ते सांग आधी."

"जमलं. फारच जमलं. काय निघालं?"

बाबांनी टेबलावरचा एक मटार बोटाने पुढेमागे केला.

"परवा सांगणार होतो. म्हटलं, तुझं उद्याचं एकदा पार पडू दे." मटार बाजूला सारून ते म्हणाले, "उजव्या डोळ्याला कमी दिसतंय. चष्म्याने भागणार नाही म्हणाल्या. उद्यापासून गाडी बंद. पासच्या खिडकीत बसवतील बहुतेक."

"आणि मलाही परवाच?" आईने विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर हिला कळलंच असतं. तुझ्या तोंडात तीळ भिजतोय होय!"

आई यावर भांडली नाही. उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. मुलीला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की हे लपवायला आपणच त्यांना तासभर बसून शिकवलं.

"एक काम कर ना," बाबा म्हणाले. "सकाळी सहाला डेपोत जाऊन गाडीची किल्ली द्यायची आहे. सगळे असणार तिथे, विचारणार. तुमच्यात ते लिहून देतात ना, काय बोलायचं ते? मलाही दे. तेवढं म्हणून मी घरी येईन."

तिने कागद ओढला. नव्या जबाबदारीचं आनंदाने स्वागत करणारं एक वाक्य सवयीने लिहिलं आणि खोडलं. मग भरभर लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"'इतकी वर्षं तुमच्याबरोबर गाडी चालवली. आता डोळे साथ देत नाहीत. मला फार वाईट वाटतंय.'"

"शेवटचं काढून टाक," बाबा घाईघाईने म्हणाले. "ते कशाला चारचौघांत?"

"असू दे ते."

"अगं, तूच आत्ता शिकवलंस ना..."

"ते बिस्किटवाल्यांना."

"माझ्याने नाही म्हणवणार."

"म्हणून तर सराव करायचा. आणि मी येणार आहे सकाळी बरोबर."

"वेडी आहेस का? अकराला तुझं..."

"अकराचं अकराला बघू. उठा, म्हणा."

बाबा उठले. पहिलं वाक्य त्यांनी खणखणीत म्हटलं. दुसऱ्याला आवाज जरा खाली आला. मग त्यांनी आईकडे पाहिलं. तिने पदराने डोळे पुसले आणि मानेनेच 'हं' म्हटलं.

"मला," बाबा म्हणाले आणि थांबले.

दोघींनी वाट पाहिली.