पिठाच्या डब्यातली रिंग

त्या दिवशी माझ्या थोरल्या भावाला कुणी उचललं का नाही? सगळ्यांना विचारून झालं, चार्जरलासुद्धा.

मी मोबाइल बोलतोय, सध्या मुक्काम टेबलाच्या खणात. थोरला आणि मी एकाच दुकानातून एकाच दिवशी निघालो. तो गेला फौजीच्या जिवलग दोस्ताकडे, मी फौजीकडे. लढाईत दोघांच्याही पाठी जायबंदी झालेल्या. दुखण्यावर गोळ्या मिळाल्या आणि मग त्या गोळ्यांच्या व्यसनानंच दोघांना धरलं. दोस्त त्यातच गेला. थोरला त्याच्या उशाशी वाजत राहिला, वाजत राहिला आणि विझला.

मग फौजीच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनीनं, फौजीला माझ्यासमोर बसवलं. बसवायचा प्रयत्न केला म्हणा! व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या की गडी ताठ उभा राहून सलाम ठोकायचा. बाईंना दिसायचं फक्त पट्ट्याचं बक्कल.

"अहो, बसा की! बाई महिनाभर तुमच्या पोटाशी बोलताहेत."

"साहेबांसमोर बसत नसतात."

"पोट ठणठणीत आहे," बाई म्हणायच्या, "पण मला डोळे बघायचेत."

जुन्या गोळ्यांची तलफ मारणारी नवी गोळी बाईंनी दिलेली, ती जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत तोंड बंद. ती दहा मिनिटं वहिनीची चैन! लग्नापासून साठलेलं सगळं ती तेवढ्यात बोलून घ्यायची. फौजी नुसता हातवारे करायचा.

एका सोमवारी तो दोस्ताच्या रिकाम्या घरी जाऊन आला. येताना खिशात जुन्या गोळ्यांची पुडी. बाईंच्या फोनची वेळ झाली तसं त्यानं मला पिठाच्या डब्यात कोंबलं, झाकण लावलं आणि पुडी हातात धरून कोपऱ्यात उभा राहिला.

बाईंचा फोन आला. माझी बॅटरी फुगलेली, जीव थोडाच उरलेला. तरी मी ऊर फुटेस्तोवर वाजलो. थरथरून थरथरून डबा फळीच्या कडेला आणला आणि धाडकन खाली!

वहिनी धावली. "अगं बाई, पिठाला कुणाचा फोन?"

पदरानं पुसून, बाईंचा फोन उचलून तिनं मला फौजीसमोर धरलं. तो सलामाला हात उचलू लागला, पण पुडी त्याच हातात होती. पहिल्यांदाच तो माझ्यासमोर खाली बसला. डोळे लाल, मिशीला पीठ.

"साहेब, जुन्या गोळ्या आणल्यात," तो म्हणाला. "अजून घेतली नाही. काय करू?"

"पुडी बायकोच्या हातात द्या. मी इथंच आहे."

माझ्यात चित्राचं बळ उरलं नव्हतं. मी पडदा काळा होऊ दिला आणि सगळा जोर लावून बाईंचा आवाज तेवढा धरून ठेवला, पुडी वहिनीच्या हातात पडेपर्यंत.