आतून बसवलेलं भिंग

हे सगळं सुरू झालं ते चष्म्याच्या दांडीवरच्या मिठामुळे.

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काका भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतात आणि काकू गिऱ्हाइकांचे डोळे तपासतात. "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" हा प्रश्न काकूंनी इतक्या वेळा विचारलाय की त्या तो झोपेतही विचारत असतील. पण त्यांचं समाधान तेवढ्यावर होत नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की त्याच्या सुनेच्या नोकरीपासून मांजरीच्या बाळंतपणापर्यंत सगळी चौकशी झाल्याशिवाय त्याची सुटका नाही. काका म्हणतात, "लोक डोळे तपासायला येतात आणि जबानी देऊन जातात."

एकदा एक नर्सबाई चष्मा सैल झाला म्हणून आल्या. काकूंनी दांडीचा स्क्रू पाहिला, तर त्याच्याभोवती काहीतरी पांढरं साचलेलं. दुसऱ्या कुणी फडक्यानं पुसून टाकलं असतं. काकूंनी नखानं खरवडून जिभेला लावून बघितलं. मीठ!

"हे कुठून आलं हो?"

नर्सबाई लाजून लाल झाल्या. "काकू, तो माझा घाम आहे."

मग खुलासा झाला. बाई लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरत. आधी मोठं तळं पोहायचं, बाहेर आलं की ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, अर्धा दिवस ती हाणायची, आणि ती ठेवली की लगेच पळत सुटायचं. काकू गिळलेला घामही विसरल्या. "आणि शेवटी शेवटी, पायात त्राण उरलेलं नसताना, माणसाच्या मनात काय चालतं?"

नर्सबाईंनी जरा विचार केला. "ते सांगता नाही येत. गेल्यावरच कळतं."

झालं, काकूंच्या डोक्यात भुंगा शिरला. पन्नाशी उलटलेली, गुडघे जिना चढताना बोलू लागलेले, पण उत्तर मिळाल्याशिवाय या बाईला चैन पडेल तर शपथ. त्यांनी पोहण्याच्या तलावावर नाव नोंदवलं, सायकल घेतली, पहाटे पळायला लागल्या. गल्लीनं हसून घेतलं, मग गल्लीला सवय झाली.

काकांना मात्र झाली नाही. काकांचं पाण्याशी लहानपणापासून वाकडं. नदीत एकदा गटांगळ्या खाल्ल्या होत्या, तेव्हापासून हा माणूस पाण्याकडे तोंड करून उभाही राहात नसे. काकूंनी शर्यतीचं सांगितलं त्या दिवशी त्यांनी "बरं" म्हटलं आणि त्या विषयापुरतं तोंडाला कुलूप लावलं. भाजी काय करायची यावर बोलणं, गिऱ्हाइकांवर बोलणं, पण पोहण्याचं नाव निघालं की काका भिंग घासायच्या यंत्राचं बटण दाबत. वर्षभर हेच. काकूंना ते फार लागे. शर्यत पुरी झाली नाही तर काका सुटकेचा निःश्वास टाकतील आणि हा विषय घरात कायमचा पुरला जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शर्यतीच्या दिवशी उजाडायच्या आत दोघं तळ्यावर पोचले. काकांनी खिशातून चष्म्याची डबी काढून काकूंच्या हातावर ठेवली. आत, दुकानातल्या मऊ फडक्यात गुंडाळलेला, पोहायचा गॉगल होता.

"तुझ्या नंबरची भिंगं लावलीत. आतून चिकटवून," काका दुसरीकडे बघत म्हणाले. "कुठे चाललीयस ते तरी दिसेल."

वर्षभरातलं त्या विषयावरचं हे पहिलं वाक्य. काकूंचे डोळे भरून आले. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही वापरायचं नाही, असं नर्सबाईंनी बजावून सांगितलं होतं. काकू स्वतःही गिऱ्हाइकांना सांगत, नवा चष्मा घालून पहिल्याच दिवशी गाडी चालवू नका म्हणून. तरी त्यांनी जुना साधा गॉगल काकांच्या हातात दिला, नवा कपाळावर चढवला आणि काठाकडे निघाल्या. मागे वळून पाहिलं तर काका तळ्याकडे पाठ करून उभे होते.

भोंगा वाजला आणि सगळे पाण्यात शिरले. दहा-बारा हात मारून काकूंनी मान वर काढली. लांबवर पाण्यावर नारिंगी फुगे बांधलेले, त्यांना वळसा घालून परत यायचं होतं. फुगे कुठे आहेत? समोर नुसता नारिंगी धूर. काकूंना वाटलं, धुकं असेल. आणखी थोडं पोहून बघितलं, तर बाजूच्या माणसाची टोपीसुद्धा लोण्यासारखी वितळलेली. कुणाची तरी लाथ खांद्यात बसली. काकूंची पाचावर धारण बसली. ठरल्या वेळेत बाहेर आलं नाही तर सायकलीला हात लावू देत नाहीत. तिथूनच घरी.

पण घाबरायला लागलं, की काकूंची चौकशी सुरू होते. त्या जागच्या जागी पाय मारत तरंगल्या आणि सवयीनं एक डोळा मिटला. आता बरं दिसतंय? नाही. मग दुसरा मिटला. आता? हेही नाही, पण हे न दिसणं वेगळ्या जातीचं. काकूंचा उजवा डोळा फार अधू, डावा बराच बरा. आणि इथे बऱ्या डोळ्याला जड नंबर लागलेला, अधू डोळ्याला हलका.

डाव्याचं उजव्याला! काकांच्या हातून?

आणि कारण लख्ख डोक्यात आलं. काका जन्मभर भिंग समोरून बसवत आलेत. फ्रेमचं तोंड त्यांच्याकडे, म्हणजे घालणाऱ्याचा उजवा डोळा त्यांच्या डाव्या हाताला. गॉगलला मात्र आतून, पाठीमागून चिकटवावं लागतं. हाताला जन्माचं वळण पडलेलं. हात आपल्या वाटेनं गेला.

काठ जवळ होता आणि जुना गॉगल काकांच्या हातात. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. काकूंनी काठाकडे पाहिलं. तिथे एक धुरकट ठिपका होता, आणि तो पाठमोराच असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्यांनी गॉगल काढला, उलटा केला, म्हणजे वरची कड खाली, आणि चढवला. उजवीकडचं भिंग डावीकडे गेलं. जगाला कडा आल्या. फुगा गोल झाला, त्यावरची दोरीसुद्धा दिसली. काकूंना पाण्यातच हसू फुटलं आणि घोटभर तळं पोटात गेलं.

फळीवर बसून वल्हवणारा बचावपथकाचा माणूस जवळ आला. "काकू, गॉगल उलटा घातलाय तुम्ही!"

"मुद्दाम!" काकू ओरडल्या आणि सुटल्या.

नाकापाशी फट राहिली होती, पाणी आत झिरपत होतं, भुवयांत कड रुतत होती. थांबून पाणी काढत, पुन्हा हात मारत, नाकी नऊ आले. वेळ संपल्याचा भोंगा वाजायच्या जेमतेम आधी त्या चिखलातून बाहेर धावल्या. कुंपणापाशी काका होते.

"कसा होता?"

"एकदम स्वच्छ!" काकू धावता धावता म्हणाल्या. खोटं नव्हतंच ते. पण काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. भुवयांवर दोन खोल वळ उठले होते, जिथे उठायला नकोत तिथे.

सायकलचा रस्ता शेतांमधून जात होता आणि काकूंनी नेहमीचा चष्मा चढवून तो नुसता बघून घेतला. हे बुजगावणं टोपी कुणाची घालून उभं आहे? या घराला तीन दारं कशाला? पाय भरून आले, पण रस्ता कंटाळवाणा म्हणून झाला नाही.

पळताना मात्र जीव मेटाकुटीला आला. एकाच वाटेवर तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत वळणावर काका दिसले. कपाळाला आठ्या, आणि दोन्ही हात हवेत. नसलेला गॉगल धरून त्यात नसलेलं भिंग बसवत होते. शेजारचे लोक जरा सरकून उभे राहिले होते. दुसऱ्या फेरीत काकांनी तोच नसलेला गॉगल पालथा करून बघितला आणि काकू समोरून जात असतानाच त्यांचे हात थांबले.

शेवटच्या फेरीत पाय काकूंचे राहिले नव्हते. आता बघू, मनात काय चालतं ते, असं म्हणून त्यांनी आत कान लावला. मोठं काहीतरी ऐकू येईल अशी फार आशा होती. ऐकू आलं ते एवढंच: त्यांना कळलं असेल का? वाईट वाटलं असेल का? परत तोंड मिटून बसले तर? हेच घोकत घोकत त्यांनी शेवटची कमान ओलांडली, आणि कुणीतरी गळ्यात पदक घातलं तेही त्यांना नंतर समजलं.

काका पाण्याची बाटली घेऊन उभे होते. "उलटा घातलास ना?"

"हो."

"जन्म गेला या धंद्यात." काकांचा आवाज चिरकला. "अगं, मग परत का नाही आलीस? जुना माझ्या हातातच होता की."

"तुम्ही पाठ करून उभे होतात. हाक मारली असती, तर पाण्याकडे वळावं लागलं असतं तुम्हाला."

काकांनी हात पुढे केला. "दे इकडे तो. नीट बसवतो. आणि पुढच्या वेळी…" त्यांनी जुना गॉगल खिशात टाकला. "पुढच्या वेळी मी तळ्याकडे तोंड करून उभा राहीन."

"सगळा वेळ?" काकूंनी लगेच विचारलं.

काकांनी थोडा विचार केला.

"आधी एका डोळ्यानं," ते म्हणाले.