भिवराबाईनं न पाहिलेला पिक्चर

बहात्तरच्या दुष्काळात सहकारी कारखान्याचा ऊस महिनाभरात संपला आणि ऊसतोडीची अख्खी टोळी धारूरजवळ पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला आली. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. भिवराबाई विधवा, म्हणजे अर्धा कोयता. तिला कोण घेणार? पण मुकादमाची बायको चंद्रभागाबाई तिला घेऊन आली, ती निव्वळ भिवराबाईच्या जिभेवर. भिवराबाई दुपारच्या सुट्टीत पिक्चर सांगायची. सुट्टी संपली तरी पिक्चर संपायचा नाही, मग तिच्या वाट्याची खडी बाकीच्या बाया पुरवायच्या. व्यवहार चोख होता.

सध्या सूडवाल्याचा पिक्चर चालू होता. बापाला जमीनदारानं मारलेलं, पोरगं डोंगरात वाढलेलं, आता डोळ्यांवर भोकं पाडलेली काळी पट्टी बांधून गरिबांचा वाली झालेलं.

"पट्टी डोळ्यावर, तोंड उघडं, अन् सख्खी आय वळखीना?" टोळीतल्या दगडाबाईनं टोकलं. "आमी तर खोकल्यावरून माणूस वळखतो."

"आयनं वळखलं तर पिक्चर अर्ध्या घंट्यात संपन की!" भिवराबाई म्हणाली. "दुष्ट बी तसाच. हातात घावलेल्याला मारून मोकळं व्हावं का न्हाई? न्हाई. खांबाला बांधतो, खदाखदा हसतो, सगळा बेत सांगतो अन् जेवाया जातो. तवर तांबडा घोडा येऊन दोर कुरतडतो."

तेवढ्यात चंद्रभागाबाईचा भाचा सुग्रीव हसला. कालच बीडहून कामावर आला होता. तो भिवराबाईला म्हणाला,

"मावशे, म्या पाह्यलाय ह्यो पिक्चर. सगळा काळा-पांढरा हाय. तांबडा घोडा कुठून आणला?"

भिवराबाईनं पिक्चर पाहिलाच नव्हता. आष्टीच्या स्टँडसमोर ट्रक बंद पडला, तेव्हा भिंतीवरचं रंगीत पोस्टर तेवढं तासभर पाहिलं होतं. जीभ खोटी ठरली की टोळीतली जागाही गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं मान खाली घातली नाही.

"न्हाई पाह्यला. पोस्टर पाह्यलं. बाकी सगळं म्या मनानं लावलं."

चंद्रभागाबाई भाच्याकडं वळली. "तू पाह्यलास ना? मग सांग शेवट."

सुग्रीवनं सांगितला. जमीनदार मेला, हिरोनं पट्टी काढली, हिरॉइन रडली, हा घोड्यावर बसून निघून गेला.

"एकटाच?" दगडाबाई म्हणाली. "कावून?"

"हिरो एकटाच जातो."

"अन् तिनं काय करावं? एकट्या बाईला कामाला कोण घेतंय?"

भिवराबाई पदर खोचून उभी राहिली.

"ऐका. तिनं त्याची पट्टी दातानं फाडली, अर्धी आपल्या डोळ्याला बांधली. म्हणाली, दुष्ट लई हायेत, तुला एकट्याला आवरायचे न्हाईत. सरक मागं, घोडा मी हाकते."

बायांनी असा गलका केला की पलीकडची टोळी हातोडे टाकून धावत आली. त्यातल्या एकीनं विचारलं, "हिनं खरंच पाह्यलाय का पिक्चर?"

चंद्रभागाबाईनं कमरेवर हात ठेवले. "पाह्यलेला पिक्चर कुणी बी सांगतं. आमची न पाह्यलेला सांगती. बसायचं तर बसा, पर मागं."