एक तारखेचा फोन

लोकांना एक तारीख आवडते ती पगारासाठी. आत्याला ती आवडायची बँकेच्या तगाद्यासाठी. ऐकणाऱ्याला वाटेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण जरा दमानं घ्या, बाई चांगली शहाणी होती.

एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात कपड्यांची खोली होती, तिथे ती शिवणकाम करायची. वर माणसं जन्मायची, बरी व्हायची, मरायची आणि त्यांच्या चादरी धुऊन खाली यायच्या. आत्या त्यांना ठिगळं लावायची, गाऊनच्या तुटलेल्या नाड्या बसवायची, उशांचे उसवलेले अभ्रे शिवायची आणि गठ्ठे बांधून वर पाठवायची. अख्खं इस्पितळ तिला शिवणबाई म्हणायचं. आत्या म्हणणारा जगात एकच जीव होता, तिचा भाचा, आणि तो नोकरीसाठी लांबच्या शहरात. आपण मात्र तिला आत्याच म्हणू, बिचारीला तेवढंच बरं वाटेल.

भाऊ गेला तेव्हा पोरगं शाळेत होतं, पाठोपाठ वहिनीही गेली. पोराला आत्यानं वाढवलं. पुढे ते हुशार निघालं, इंजिनियरिंगला नंबर लागला आणि फीचा आकडा बघून आत्याला दरदरून घाम फुटला. शिष्यवृत्तीत निम्मी फी सुटली. उरलेल्या निम्म्यासाठी बँकेचं कर्ज काढायचं ठरलं, तर बँक म्हणाली जामीनदार आणा. झालं, इतके दिवस पोराच्या पाठीवर थाप मारणारे नातेवाईक एकेक करून दिसेनासे झाले. कुणाला पाठदुखी, कुणाच्या बायकोचा नकार. शेवटी आत्या आपली कायम नोकरीची पगारपावती घेऊन गेली. त्यानं हप्ता चुकवला तर तुमच्या पगारातून वसूल करू, कळतंय ना, असं मॅनेजरनं दोनदा विचारलं. आत्या म्हणाली कळतंय, आणि सही ठोकून मोकळी झाली.

पोरगं शिकलं, नोकरीला लागलं आणि गेलं. आधी रोज फोन, मग रविवारी, मग कधीतरी. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, असं आत्या स्वतःला बजावायची. पिल्लाला पंख फुटावेत म्हणूनच तर कर्ज काढलं होतं. आपणहून फोन करायचा तर कामाशिवाय करायचा नाही, हा तिचा बाणा. एकदा असाच केला होता तर त्यानं घाईघाईनं विचारलं होतं, काही काम होतं का ग. काम काहीच नव्हतं. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला.

आणि मग बँक तिच्या मदतीला धावून आली.

झालं असं की हप्ता कापला जायचा एक तारखेला आणि भाच्याचा पगार व्हायचा त्यानंतर चार-पाच दिवसांनी. खात्यात खडखडाट, हप्ता परत. बँकेतली मुलगी आधी भाच्याला फोन लावायची, तो काही उचलायचा नाही, मग ती जामीनदाराला गाठायची. तळघरात रेंज कुठली यायला! म्हणून आत्या एक तारखेला फोन घेऊन जिन्याच्या वळणावरच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. पहिल्या वेळी तिनं मुलीचं म्हणणं दोनदा विचारून घेतलं. तिनं भाच्याला निरोप धाडला आणि दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्याचा फोन आला.

"भरतो ग आत्या, पगार होऊ दे. तुझा गुडघा कसाय?"

गुडघ्यावरून गाडी खानावळीच्या जेवणावर, तिथून त्याच्या खडूस साहेबावर. साहेबाची नक्कल तो अशी करायचा की आत्या जिन्यात एकटी उभी राहून खो खो हसायची आणि येणारेजाणारे तिच्याकडे बघत राहायचे. नंतर चादर शिवतानाही ते हसू तोंडावर असायचं.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही. बँकेच्या मुलीचीही ओळख झाली. ती आधी मॅडम म्हणायची, मग मावशी म्हणायला लागली. वर्ष उलटलं तेव्हा एकदा ती मुलगीच कळवळून म्हणाली, मावशी, हा दर महिन्याचा दंड कशाला भरताय? तारीख पुढे ढकलता येते. त्यांचा एक अर्ज आणि जामीनदार म्हणून तुमची सही, विषय संपला. तेवढं सांगा त्यांना.

आत्या म्हणाली सांगते.

दुपारी भाच्याचा फोन आला. गुडघ्याचं झालं, जेवणाचं झालं, साहेबाचं झालं. तारखेचा विषय आत्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आला आणि तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. एवढा महिना जाऊ दे, पुढच्या महिन्यात सांगू. पुढच्या महिन्यात बँकेच्या मुलीनं विचारलं तर ही चक्क म्हणाली, तो बघतो म्हणालाय. खोटं बोलायची सवय नव्हती, तरी अगदी सफाईनं बोलली. मनात तिनं हिशोब मांडून टाकला होता: दंड तो असा कितीसा, पोरगं चांगलं कमावतंय, आणि आपण त्याच्याकडे दुसरं मागतो तरी काय. आपल्या चुकीची समजूत घालायला माणसाला वकील लागत नाही.

असं आणखी एक वर्ष गेलं. मग एकदा महिन्याच्या मध्यावरच त्याचा फोन आला. आत्या नशिबानं जिन्यातच होती, गठ्ठे वर देऊन परतत होती. भलत्या दिवशी त्याचं नाव बघून तिला इतका आनंद झाला की हातातली पावती खाली पडली.

आवाज मात्र पार उतरलेला होता. त्यानं छोटंसं घर बघितलं होतं, घरासाठी कर्ज मागितलं होतं, आणि बँकेनं नाही म्हणून सांगितलं. शिक्षणाच्या कर्जाच्या नोंदीत महिन्यामागून महिना उशिराचा शेरा पडलाय. चार-पाच दिवसांचा उशीर, आत्या, पण दर महिन्याला. पैसे बुडवले असते तरी एवढं वाईट वाटलं नसतं, असं तो म्हणाला. एक खोली जास्तीची बघितली होती ग, असंही म्हणाला. कुणासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. आत्यानं विचारलं नाही, तिला धीरच झाला नाही.

आता गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. पण ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "हप्त्याची तारीख बदलता येते. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. जास्तच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तारीख बदलली असती तर तुझा फोन आला नसता. म्हणून."

आत्याला वाटलं रेंज गेली, तिनं फोन कानापासून काढून बघितला. रेंज होती. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. लहानपणी चिडला की तो पाय आपटायचा, ते तिला सांभाळता यायचं. हे गप्प बसणं तो कुठे शिकला कोण जाणे. मग तो म्हणाला, अर्ज पाठवतो, सही करून दे.

आत्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेत गेली. फोनवरच्या मुलीबद्दल तिनं चौकशी केली, निदान तोंड तरी बघावं, पण ती मुलगी त्या शाखेत बसतच नव्हती, फोनवाल्यांचं ऑफिस दुसरीकडेच होतं. काउंटरवरच्या माणसानं सही तपासली, शिक्का मारला आणि म्हणाला, चला, आता तुम्हाला आमचा त्रास नाही. आत्या त्याला बरं म्हणाली आणि चालत घरी आली.

पुढची एक तारीख आली. सवयीनं ती फोन घेऊन जिन्याच्या खिडकीशी गेली. बँकेचा फोन आला नाही, यायचं कारणच उरलं नव्हतं. चहाची वेळ झाली. जेवणाची सुट्टी झाली. झाडूवाली दोनदा ये-जा करून गेली. आठवडा गेला, पगार झाला असणार, ठरलेल्या नव्या तारखेला हप्ताही गेला असणार. भाच्याचा फोन नाही. रागावण्याचा त्याला हक्क होता, हे आत्याला पुरतं कळत होतं. पण कळलं म्हणून कुणाची भूक भागत नाही.

शेवटी एके दुपारी तिनं कानाचा खडा काढून टाकला आणि आपणहून फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यानं उचलला.

"काय झालं? हप्ता गेला नाही का?"

"गेला असेल. बँकेचं काही नाही."

"मग?"

"मीच आहे रे. काम काही नाही."

त्याच्या मागे माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी आकडे वाचून दाखवत होतं. तो जरा बाजूला झाला. मग हळूच म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे, आत्या. नंतर करतो."

"कर," आत्या म्हणाली.

ती खाली गेली. मशीनवर अर्धी शिवलेली चादर होती, ती तिनं तशीच ठेवली. हातशिलाईचे अभ्रे गोळा केले, सुया, दोरा, कात्री डब्यात टाकली, आपलं स्टूल उचललं आणि गुडघा धरत धरत जिन्याच्या वळणावर आली. खिडकीत फोन ठेवला आणि शेजारी शिवायला बसली. वरून खाली येणारी नर्स थबकली, म्हणाली, शिवणबाई, आज इथे कुठे?

"खाली उजेड पुरत नाही," आत्या म्हणाली आणि तिनं सुईत दोरा ओवला.