कपाटातला वायरलेस

सिद्धेश्वर धरणात पाणी अमाप होतं आणि मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष उत्तमराव यांना पोहता येत नव्हतं. ही गोष्ट दगडोबाला पक्की ठाऊक होती, कारण सोसायटीची होडी तोच चालवायचा.

होडी कोकणातून जुनी आणलेली. तिच्यासोबत समुद्रावरच्या बोटींत असतात तसे दोन वायरलेस आले होते. एक होडीत बसवलेला, दुसरा काठावरच्या पत्र्याच्या खोलीत. तिथं भागाबाई मासे तोलायची आणि एक कान वायरलेसकडे ठेवायची. दोन हजार तीनच्या आषाढात होडीतला वायरलेस मुका झाला आणि त्याच आठवड्यात इंजिनही बंद पडलं. दगडोबा बुडालेल्या बाभळीचा शेंडा धरून दिवसभर बसला. ओरडून घसा बसला, पण काठावर कुणाला हाक गेली नाही. तेव्हापासून त्याची बायको पुनम त्याला रोज एकच विचारायची, "बसवला का वायरलेस?"

शेवटी दिवाळीच्या सुमारास सोसायटीची बैठक भरली. नांदेडहून शिवहार नावाचा विक्रेता तीन वायरलेस घेऊन आला. दगडोबा दाराशी उभा राहिला, खुर्च्या पाण्यावर न जाणाऱ्यांसाठी होत्या.

"याच्यावर परभणी आकाशवाणी लागते का?" उत्तमरावांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"साहेब, हा बोलायचा रेडिओ आहे. गाण्याचा न्हाई."

"मंग एवढा महाग काहून?"

संचालक फुलसिंगनं तिन्ही हातात तोलून पाहिले आणि जड तोच चांगला, असा निकाल दिला. बाजार समितीत बैल पारखण्यात त्याची हयात गेली होती. दुसरे संचालक रामप्रसादला लाल दिव्याचा हवा होता, कारण लाल दिव्याच्या वस्तूला वजन असतं. तासभर असाच काथ्याकूट चालला.

"मी सांगू का?" दगडोबा म्हणाला. "ओल्या हातानं बटन दाबता यावं, अन् भागाबाईला माझा आवाज जावा. दुसरं काई नको."

सगळे हसले. अडाण्याला यंत्रातलं काय कळतं? पण शिवहारनं तेच धरलं. बादली मागवली, एक वायरलेस त्यात बुडवला, चहा होईपर्यंत तसाच ठेवला. बाहेर काढून बटण दाबलं तर पलीकडून भागाबाईचा आवाज, "कोण हाये?" उत्तमराव खुर्चीतून उठले. पाण्यात टिकणारा वायरलेस! तोच ठरला. दगडोबाला इतका आनंद झाला की त्यानं बादलीतल्या पाण्यालाही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. हळदकुंकू, हार, नारळ, फोटो. मग उत्तमरावांनी वायरलेस उचलला आणि ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"अध्यक्षसाहेब, होडीत बसवायचा व्हता ना?" दगडोबानं विचारलं.

"होडीत? अरे, एवढी चांगली वस्तू पाण्यात नेतं का कोणी? भिजली मंजे?"

"ती भिजली तरी चालती, म्हणूनच तर घेतली."

"तकलीफ पडली की ये अन् मागून ने," उत्तमराव म्हणाले आणि किल्ली करदोट्याला बांधली. धरणाच्या मध्यभागी तकलीफ पडली तर माणसानं ऑफिसात कसं यायचं, हे सांगायला ते थांबले नाहीत. पाहुणे आले की ते कपाटाकडे बोट दाखवायचे. पुनम मात्र रोज तेच विचारत राहिली आणि दगडोबाला उत्तर देताना लाज वाटायची.

पुढच्या श्रावणात मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम ठरला. उत्तमराव कडक इस्त्रीत होडीत चढले. बीज सोडून झालं, आणि परतताना इंजिननं दोन आचके देऊन मान टाकली. वारा सुटला. एका वल्ह्याचं त्या वाऱ्यापुढं काही चालेना. होडी वाहत जाऊन त्याच बाभळीत अडकली आणि एका अंगाला कलली.

"दगडोबा! भागाबाईला लाव की! लवकर लाव!"

"कशावर लावू, साहेब?"

उत्तमरावांचा हात आपोआप करदोट्याकडे गेला. किल्ली तिथंच होती. दगडोबानं नुसता हात पुढे केला. कललेल्या होडीत, पोहता न येणाऱ्या माणसानं, पोहता येणाऱ्याला किल्ली सोडून दिली.

होडी वेळेत आली नाही म्हणून भागाबाईनं दोन तासांनी जाळेवाल्या मुन्नाला धाडलं. तो थर्माकोलच्या तराफ्यावर आला. त्या तराफ्यावर अध्यक्ष पोटावर झोपून, दोन्ही हातांनी कडा धरून, डोळे मिटून काठाला लागले. काठावर सगळं गाव जमलं होतं. हसू कुणालाच आवरलं नाही.

तराफ्याच्या दुसऱ्या खेपेला दगडोबा आला. तो निथळत थेट ऑफिसात गेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, उत्तमराव मागून धापा टाकत ओरडले, "अरे, वल्ल्या हातानं कपाटाला हात लावू नको!"

दगडोबानं ओल्या हातानंच कुलूप उघडलं, वाळलेला हार काढून अध्यक्षांच्या हातात दिला आणि वायरलेस घेऊन काठावर गेला.

होडी ओढून आणायला दुसरा दिवस उजाडला. दुपारी पत्र्याच्या खोलीत आवाज आला, "भागाबाई, ऐकू येऊन राहिलं का?"

"व्हय, बराबर येऊन राहिलं. कुठून बोलून राहिला?"

"होडीतून," दगडोबा म्हणाला. "पुनमला सांगा."